डगमगला तो पूल, की आपले उत्तर?

माध्यमिक शाळेच्या भौतिकशास्त्रात एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ‘पुलावरून जाताना सैनिकांना तालबद्ध पावले न टाकण्याचा हुकूम का देतात?’ उत्तर दोन ओळींचे असते. पावलांची वारंवारता आणि पुलाची नैसर्गिक वारंवारता जुळली, तर अनुनाद होतो, कंपनांचा आयाम वाढत जातो आणि पूल कोसळण्याचा धोका निर्माण होतो. विद्यार्थी हे उत्तर पाठ करतात, आपण त्याला पूर्ण गुण देतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

या लेखात आम्ही एका पुलाचे परीक्षण करणार आहोत, जसे एखाद्या पुस्तकाचे करतात तसे. त्याची बांधणी कशी आहे, त्यात गुण कोणते, दोष कोणते आणि ते कोणाचे, हे पाहायचे आहे. पूल आपल्याकडचा नाही, लंडनचा आहे. तरीही तो आपल्या वर्गात आणावासा वाटतो, कारण त्याने वरच्या दोन ओळींच्या उत्तराची परीक्षा घेतली आणि त्या परीक्षेत आपले उत्तर पुरेसे ठरले नाही. आम्हीही आमच्या व्याख्यानांत बरीच वर्षे हा पूल ‘अनुनादाचे ताजे उदाहरण’ म्हणून सांगत होतो. त्यामुळे या परीक्षणात आरोपीच्या पिंजऱ्यात पुलाबरोबर आम्हीही उभे आहोत.

पूल कसा आहे

थेम्स नदीच्या उत्तर काठावर सेंट पॉलचे भव्य घुमटाचे कॅथीड्रल आहे. समोर दक्षिण काठावर एक जुने वीजनिर्मिती केंद्र होते. त्याचे रूपांतर आधुनिक कलेच्या संग्रहालयात झाले आणि ‘टेट मॉडर्न’ या नावाने ते २००० साली खुले झाले. या दोन वास्तूंना जोडणारा, फक्त पायी चालणाऱ्यांसाठीचा पूल असावा, अशी कल्पना पुढे आली. त्यासाठी १९९६ मध्ये स्पर्धा घेण्यात आली. वास्तुरचनाकार फॉस्टर अँड पार्टनर्स, शिल्पकार अँथनी कॅरो आणि अभियंते अरुप यांचा एकत्रित आराखडा तीत निवडला गेला. मध्य लंडनमध्ये थेम्सवर नवा पूल होण्याची ही १८९४ च्या टॉवर ब्रिजनंतरची पहिलीच वेळ होती.

हा झुलता पूल आहे. पण ‘झुलता पूल’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र येते, म्हणजे दोन उंच मनोरे, त्यांवरून खाली झोळ घेतलेले दोर आणि दोरांना टांगलेला रस्ता, तसा तो मुळीच दिसत नाही. येथे मनोरे नाहीत. नदीत दोन खांब आहेत, ते वर इंग्रजी वाय अक्षरासारखे फाकतात आणि त्यांच्या बाहूंवरून प्रत्येक बाजूस चार असे आठ पोलादी दोर जातात. दोर पथाच्या वर नसून दोन्ही बाजूंना आहेत. गाळ्याच्या मध्यावर तर ते पथाच्याही खाली उतरतात. दर आठ मीटरवर एक आडवा पोलादी हात या दोरांवर टेकलेला आहे आणि चार मीटर रुंदीचा पथ या हातांवर विसावला आहे. पुलाला तीन गाळे आहेत. उत्तरेचा ८१ मीटरचा, मधला १४४ मीटरचा आणि दक्षिणेचा १०८ मीटरचा.

मधल्या गाळ्यात दोराचा झोळ केवळ २.३ मीटर आहे. येथे जरा थांबून गणित करावे. सर्वसाधारण झुलत्या पुलाचा झोळ गाळ्याच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. म्हणजे १४४ मीटरला सुमारे १४ मीटर झोळ हवा. येथे तो त्याच्या सहाव्या हिश्शाइतका आहे. कपडे वाळत घालायची दोरी जितकी ताठ बांधावी, तितकी तिची दोन्ही टोकांना ओढ वाढते, हे आपण घरी पाहतोच. झोळ निम्मा केला की ओढ दुप्पट होते, सहावा हिस्सा केला की सहापट होते. या पुलाचे दोर काठावरच्या पायांना सुमारे दोन हजार टनांच्या बलाने ओढतात. एवढा खटाटोप कशासाठी? तर पुलावर उभ्या असलेल्या माणसाच्या आणि सेंट पॉलच्या घुमटाच्या मध्ये काही येऊ नये यासाठी.

आमच्या मते हा हट्ट योग्य होता. शहरातला पायी पूल म्हणजे नदी ओलांडण्याची निव्वळ सोय नव्हे. वाहनांच्या गदारोळातून सुटून माणूस नदीच्या मध्यावर उभा राहतो, दोन्ही काठांकडे पाहतो आणि आपले शहर त्याला प्रथमच सलग दिसते. हे देणे पुलाचेच. या कसोटीवर हा पूल उत्तम उतरतो, हे त्याच्या टीकाकारांनीही नाकारलेले नाही.

दोन दिवसांचे आयुष्य

१० जून २००० या दिवशी पूल लोकांना खुला झाला. त्या दिवशी ८० हजार ते एक लाख माणसे त्यावरून गेली असा अंदाज आहे. एका वेळी जास्तीत जास्त दोन हजारांच्या आसपास माणसे पुलावर होती. थोड्याच वेळात पूल डावीकडे-उजवीकडे हलू लागला. वरखाली नव्हे, आडवा. मधल्या गाळ्याचे हेलकावे सुमारे ७ सेंटिमीटरपर्यंत गेले. कागदावर सात सेंटिमीटर फारसे वाटत नाहीत, पण सेकंदाला एकदा पायाखालची जमीन तेवढी सरकू लागली तर काय होईल याचा विचार करावा. लोकांनी कठडे धरले, काही जागीच थांबले. पुढे पुलावर एका वेळी किती माणसे सोडायची यावर मर्यादा घालून पाहिली, पण अखेर १२ जूनला पूल बंद करावा लागला. तो पुन्हा उघडला २२ फेब्रुवारी २००२ रोजी. पुलाला सुमारे १ कोटी ८२ लाख पौंड खर्च आला होता, दुरुस्तीला आणखी सुमारे ५० लाख लागले. लंडनकरांनी त्याला ‘वॉब्ली ब्रिज’, म्हणजे डगमगता पूल, असे नाव ठेवले आणि ते आजतागायत चिकटून आहे.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. पूल पडण्याच्या बेतात नव्हता. त्याच्या बळकटीला कधीच धोका नव्हता, प्रश्न होता चालणाऱ्यांचा तोल जाण्याचा आणि घबराटीचा. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातेत मोरबीचा झुलता पूल तुटला आणि सव्वाशेहून अधिक माणसे दगावली. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. ती जात वेगळी. तेथे प्रश्न होता जीर्णतेचा, देखभालीचा, गर्दीला आवर घालण्याचा. वर्गात या सगळ्यांना ‘पुलांचे अपघात’ अशा एकाच मथळ्याखाली आणू नये. मजबुती आणि स्थिरता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मजबूत पूलही डगमगू शकतो, आणि जराही न हलणारा पूल एके दिवशी तुटू शकतो.

पहिले उत्तर : अनुनाद

पूल का हलला? लगेच सुचणारे उत्तर आपल्या पाठ्यपुस्तकातलेच. माणूस चालताना सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो. म्हणजे तो पुलाला सेकंदाला दोनदा खाली दाबतो. पुलाचे अभिकल्पन करताना हा २ हर्ट्झचा उभा भार अभियंत्यांनी विचारात घेतला होता. त्या वेळच्या मानकांचाही भर त्यावरच होता. पण चालताना आणखी एक गोष्ट घडते. डावे पाऊल टेकले की शरीर उजवीकडे ढकलले जाते, उजवे टेकले की डावीकडे. हा आडवा धक्का दोन पावलांनंतर एकदा पूर्ण होतो, म्हणून त्याची वारंवारता निम्मी, साधारण १ हर्ट्झ. धक्का अगदी लहान असतो, सुमारे २५ न्यूटनचा, म्हणजे अडीच किलो वजनाइतका. पुलाच्या आडव्या कंपनांच्या नैसर्गिक वारंवारता होत्या : उत्तर गाळा सुमारे १ हर्ट्झ, दक्षिण गाळा ०.८ हर्ट्झ, मधला गाळा ०.५ आणि १ हर्ट्झ. जुळले की नाही! अनुनाद. प्रश्न संपला.

पण थांबा. सैनिक एका तालात चालतात, कारण त्यांना तसा हुकूम असतो. लंडनच्या त्या गर्दीत आजीबाई होत्या, कडेवर मूल घेतलेले बाप होते, छायाचित्रे काढणारे प्रवासी होते. त्यांना ताल कोणी दिला? जो तो आपल्या गतीने चालत असेल, तर एकाचा धक्का डावीकडे तेव्हा दुसऱ्याचा उजवीकडे, असे होऊन बहुतेक धक्के एकमेकांना खोडून काढतात. संख्याशास्त्र सांगते की अशा विस्कळीत चालणाऱ्या शंभर माणसांचा एकत्रित परिणाम साधारण दहा तालबद्ध माणसांइतका होतो, म्हणजे संख्येच्या वर्गमुळाइतका. दोन हजारांचा परिणाम अवघ्या पंचेचाळिसांइतका. शिवाय मधला गाळा ०.५ हर्ट्झनेही हलला. त्या वारंवारतेशी जुळायला माणसाने मिनिटाला फक्त साठ पावले टाकायला हवीत. इतक्या संथपणे कोण चालतो?

एखाद्या हुशार विद्यार्थ्याने वर्गात या दोन शंका विचारल्या, तर आपले दोन ओळींचे उत्तर तेथेच अडते.

चाचणीने काय दाखवले

पूल बंद झाल्यावर अरुपच्या अभियंत्यांनी जे केले ते आम्हांला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत मोलाचे वाटते. त्यांनी इंपीरियल कॉलेज आणि साऊदॅम्प्टन विद्यापीठ येथे हलत्या फळीवर माणसांना चालायला लावून त्यांचे पाय किती बल लावतात हे मोजले. मग खुद्द पुलावर, उत्तर गाळ्यावर, माणसांना गोल फेऱ्या मारायला सांगितले आणि त्यांची संख्या हळूहळू वाढवत नेली. पन्नास, शंभर, दीडशे. पूल जवळजवळ स्तब्ध होता. संख्या १६० च्या आसपास गेली, तशी आणखी थोडीच माणसे वाढताच हेलकावे झपाट्याने वाढू लागले.

अशा उंबरठ्याचा अर्थ काय, हे विद्यार्थ्यांना विचारण्यासारखे आहे. साधा अनुनाद असता, तर माणसे वाढतील तसे हेलकावे हळूहळू वाढले असते. आधी जवळजवळ काहीच नाही आणि मग एकदम सारे, असे झाले नसते. ‘अमुक संख्येच्या आत शांत, त्यापुढे बेफाम’ हे वागणे वेगळ्या यंत्रणेचे लक्षण आहे. मोजमापांतून त्या यंत्रणेचा सुगावा लागला. माणसांचे आडवे बल ठरावीक नव्हते. पूल जितक्या वेगाने सरकत होता, त्या प्रमाणात ते वाढत होते, आणि ते पुलाच्या गतीच्याच दिशेने होते. म्हणजे पूल माणसांना हलवत होता आणि माणसे पुलाला.

झोपाळ्याचे उदाहरण नीट पाहू

अनुनाद शिकवताना आपण झोपाळ्याचे उदाहरण देतो. योग्य वेळी हलके धक्के दिले की झोका उंच जातो. पण ढकलणारा काय करतो ते नीट आठवा. तो झोपाळ्याकडे पाहतो. झोका परत आला आणि पुढे निघाला की मगच ढकलतो. झोपाळाच त्याला वेळ सांगत असतो. त्याचे डोळे बांधा, हातात घड्याळाची टिकटिक द्या आणि ‘दर दोन सेकंदांनी ढकल’ असे सांगा. हा झाला खरा बाह्य बलाने होणारा अनुनाद, आणि तो साधणे किती कठीण आहे हे लगेच कळेल. डोळे उघडे ठेवून ढकलणारा मात्र वेगळेच काही करतो. हालचालीनेच त्याच्या बलाची वेळ ठरते. यात झोपाळा आणि माणूस मिळून एक संपूर्ण यंत्रणा बनते.

सारंगीचा गज हे दुसरे उदाहरण. वादक गज एकसारखा ओढतो, त्याच्या हातात स्वराची वारंवारता नसते. तार स्वतःच्या हालचालीने गजाकडून ऊर्जा घेते. तेल नसलेले दार कुरकुरते तेही असेच. भौतिकशास्त्रात याला स्वयंप्रेरित आंदोलन म्हणतात. प्रत्येक आंदोलकात घर्षणादी कारणांनी ऊर्जा झिरपत असते, तिला अवमंदन म्हणतात. बाहेरून येणारे बल हालचालीच्या वेगाच्या दिशेने असेल तर ते या झिरपण्याच्या नेमके उलट काम करते, म्हणून त्याला ऋण अवमंदन म्हणता येईल. पुलाचे स्वतःचे अवमंदन धन, माणसांचे ऋण. माणसे थोडी असतात तोवर बेरीज धन राहते आणि पूल शांत असतो. ज्या क्षणी माणसांचे पारडे जड होते, त्या क्षणी बेरीज ऋण होते आणि कंपने वाढू लागतात. उंबरठा तो हाच.

अमेरिकेतील टॅकोमा नॅरोज पूल ७ नोव्हेंबर १९४० रोजी वाऱ्याने पिळवटून पडला. त्याची चित्रफीत आपण अनुनादाचे उदाहरण म्हणून दाखवतो. तेथेही वारा काही तालात फुंकर घालत नव्हता. पुलाच्या पिळण्यानेच वाऱ्याचे बल बदलत होते. १९९१ मध्ये बिलाह आणि स्कॅनलन यांनी अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्समध्ये लेख लिहून पाठ्यपुस्तकांची ही चूक दाखवून दिली होती. त्याला तीन दशके उलटली, चूक मात्र सुखाने नांदते आहे.

माणूस तालात येतो, की तोल सावरतो?

माणसे पुलाच्या गतीच्या दिशेने बल का लावतात? येथे शास्त्रज्ञांतही वाद झाला, आणि तोही विद्यार्थ्यांना सांगावा असा आहे. २००५ मध्ये नेचर या नियतकालिकात स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ आणि सहकाऱ्यांनी एक गणिती प्रतिमान मांडले. पूल किंचित हलला की काही जणांची पावले त्याच्या लयीशी जुळतात, त्याने पूल आणखी हलतो, मग आणखी माणसे लयीत येतात. १६६५ मध्ये ह्यूजेन्सला एकाच तुळईला टांगलेली दोन लंबकांची घड्याळे आपोआप जुळलेली दिसली, त्यातलाच हा प्रकार. त्या दिवशीच्या चित्रफितींत माणसे एका लयीत डोलताना दिसतातही.

पण लय जुळणे हे कारण की परिणाम? २०२१ मध्ये बेलिख, मॅकडोनाल्ड, मॅकरॉबी आणि इतर सहकाऱ्यांनी दाखवले की लय मुळीच न जुळताही पूल डगमगू शकतो. चालणारा माणूस हा उलट्या लंबकासारखा असतो, तळहातावर उभ्या तोललेल्या काठीसारखा. काठी ज्या बाजूला कलते त्या बाजूला आपण हात नेतो. तसेच माणूस ज्या बाजूला कलतो त्या बाजूला पुढचे पाऊल थोडे लांब टाकतो. एसटीत उभ्याने प्रवास करणारा पाय फाकवून उभा राहतो तो याच उपजत बुद्धीने. पण हलत्या पुलावर प्रत्येकाने स्वतःचा तोल असा सावरला, तर त्याच्या पावलांचे बल सरासरीने पुलाच्या गतीला हातभार लावणारे निघते. ताल लागत नाही, हुकूम लागत नाही. पडू नये म्हणून प्रत्येक जण जे करतो, त्यानेच सर्वांच्या पायाखालचा पूल जास्त हलतो. त्यानंतर काही जण लयीत येतात ते परिणाम म्हणून.

मधल्या गाळ्याचे ०.५ हर्ट्झचे कोडेही यातून उलगडू लागते. पावलांची आणि पुलाची वारंवारता तंतोतंत जुळण्याची अटच येथे राहत नाही.

दोष कोणाचा?

आता परीक्षणाचा अवघड भाग. पूल बंद होताच अनेकांनी ठपका ठेवला तो सौंदर्याच्या हव्यासावर. इतका सपाट, इतका नाजूक पूल बांधला तर दुसरे काय होणार? ही टीका अर्धीच खरी आहे. अभियंत्यांच्या विश्लेषणातून असे निघाले की ज्या पुलाची आडवी वारंवारता सुमारे १.३ हर्ट्झपेक्षा कमी आहे आणि ज्यावर पुरेशी गर्दी होते, असा कोणताही पूल हलू शकतो, मग त्याची जात कोणतीही असो. टीकेचा दुसरा अर्धा मात्र टिकतो. सहन होणारी माणसांची संख्या तीन गोष्टींच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते : पुलाचे अवमंदन, त्याची वारंवारता आणि त्याचे वस्तुमान. पूल हलका केला की उंबरठा खाली येतो. सडपातळपणा गुन्हा नाही, पण तो फुकटही मिळत नाही. त्याची किंमत अवमंदनाच्या रूपात आधीच मोजायला हवी होती.

ती का मोजली गेली नाही? कारण घटना कोणालाच ठाऊक नव्हती म्हणून, असे म्हणता येत नाही. न्यूझीलंडमधील ऑकलंड हार्बर ब्रिज या वाहनांच्या मोठ्या पुलावर १९७५ मध्ये मोर्चा आला, तेव्हा तो आडवा हलला होता. जपानमध्ये नौकाशर्यतींच्या मैदानातून सुटणाऱ्या गर्दीने एक पायी पूल हलत असे, त्याचा अभ्यास फुजिनो आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केला होता, पण तो भूकंप अभियांत्रिकीच्या नियतकालिकात. पॅरिसमध्ये सीन नदीवरचा सॉल्फेरिनो हा पायी पूल डिसेंबर १९९९ मध्ये, म्हणजे लंडनच्या पुलाच्या सहाच महिने आधी, अशाच हेलकाव्यांमुळे बंद करावा लागला होता. ज्ञान होते, पण ते दुसऱ्या शाखेच्या कपाटात होते. पूल बांधणाऱ्यांच्या टेबलावर ते पोचले नाही. आमच्या मते या प्रकरणातला खरा दोष येथे आहे, आणि तो एकट्या अरुपचा नाही, विषयांचे वाटे करून बसलेल्या आपणा सर्वांचा आहे.

अरुपच्या बाजूने एक गोष्ट मात्र निःसंदिग्धपणे लिहिली पाहिजे. त्यांनी झाकपाक केली नाही. मोजमापे, सूत्रे, उपाय हे सगळे त्यांनी प्रसिद्ध केले आणि त्यानंतर बांधल्या गेलेल्या पायी पुलांना त्याचा लाभ झाला. आपली चूक जगाला शिकण्यासाठी खुली करणे याला आम्ही विज्ञानवृत्ती म्हणतो.

दुरुस्ती आणि थोडे अंकगणित

दुरुस्तीचे दोन मार्ग होते. पूल ताठ करून वारंवारता वाढवायची, किंवा अवमंदन वाढवायचे. ताठ करायचे तर जाड तुळया हव्यात आणि मग त्या सडपातळ पुलाचे रूपच हरवते. म्हणून दुसरा मार्ग निवडला गेला. पथाखाली ३७ द्रव-अवमंदक बसवले. मोटारसायकलच्या शॉक ॲब्सॉर्बरचे हे मोठे भाऊबंद : दट्ट्या दाट द्रवातून सरकतो आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेत जाते. शिवाय, मुख्यतः उभ्या कंपनांसाठी, स्प्रिंगांवर तोललेली पन्नासहून अधिक वस्तुमाने बसवली. आधी एक टक्क्याहूनही कमी असलेले आडवे अवमंदन १५ ते २० टक्क्यांवर गेले. २००२ च्या जानेवारीत सुमारे दोन हजार माणसांना पुलावरून चालवून खात्री करून घेतली आणि मगच पूल उघडला.

हे गणित वर्गात फळ्यावर करता येते. उत्तर गाळ्याचे क्षेत्रफळ ८१ × ४ = ३२४ चौरस मीटर. उद्घाटनाच्या दिवसासारखी दाट गर्दी, चौरस मीटरला दीड माणूस धरली तर सुमारे ४८६ माणसे होतात. उंबरठा होता १६०. म्हणजे तिप्पट, पूल हलणारच. आता अवमंदन ढोबळ मानाने वीसपट झाले असे धरू. उंबरठाही वीसपट, म्हणजे ३,२००. त्यासाठी चौरस मीटरला जवळजवळ दहा माणसे लागतील. तेवढ्या दाटीत उभे राहणेही अशक्य, मग चालण्याची बातच नको.

वर्गात काय करावे

पहिला प्रयोग मैदानावरचा. प्रत्येक विद्यार्थ्याने नेहमीच्या गतीने एक मिनिट चालून पावले मोजावीत. त्यावरून उभ्या आणि आडव्या धक्क्यांची वारंवारता काढावी, सगळ्या वर्गाचा आलेख काढावा आणि तो किती पसरट येतो ते पाहावे. दुसरा, तळहातावर काठी तोलण्याचा. मग तीच काठी, पण हात धरून कोणीतरी संथपणे डावीकडे-उजवीकडे हलवीत असताना. तिसरा, शाळेच्या झोपाळ्याचा : एकदा डोळे उघडे ठेवून ढकलणे आणि एकदा मित्राने मोजलेल्या ठोक्यांवर, पाठ करून. अर्थात हलक्या हाताने, झोपाळ्यावर कोणी न बसता.

आणि तो जुना प्रश्न? तो काढून टाकू नये. १२ एप्रिल १८३१ रोजी मँचेस्टरजवळचा ब्रॉटन येथील झुलता पूल तालात चालणाऱ्या सैनिकांखाली खरोखर कोसळला होता. लंडनमध्येच अल्बर्ट ब्रिजवर, सैन्याने येथे ताल मोडून चालावे अशी सूचना आजही लिहिलेली आहे. पण त्याच ब्रॉटनच्या चौकशीत सदोष बोल्टही सापडला होता. आणि १८५० मध्ये फ्रान्समध्ये अँजे येथील पूल कोसळून दोनशेहून अधिक सैनिक मेले, तेव्हा त्यांना ताल मोडण्याचा हुकूम दिलेला होता. वादळ होते आणि दोर बांधलेल्या जागी गंज होता. म्हणून आम्ही सुचवतो की प्रश्नाला एक पुरवणी जोडावी : ‘ताल मोडूनही पूल हलला, तर तुम्ही काय तपासाल?’ या प्रश्नाला दोन ओळींचे उत्तर नाही आणि त्याला गुण देणे आपल्याला जरा जड जाईल.

पूल आता पंचवीस वर्षांचा झाला आहे आणि रोज हजारो माणसे निर्धास्तपणे त्यावरून जातात. वाकून पाहिले तर पथाखाली अवमंदक दिसतात. नंतर जोडलेले आहेत हे जाणत्याला कळते, पण ते पुलाचे रूप बिघडवत नाहीत. आमचा निकाल असा : रचना सुंदर, पहिल्या प्रयत्नात अपुरी, दुरुस्ती प्रामाणिक. पुलाने आपली चूक दीड-दोन वर्षांत सुधारली. आपल्या प्रश्नसंचातली चूक सुधारायला अजून अवकाश आहे.